समालोचक बोलतात, सोलापूर वाद घालते

२०२५ सालच्या जून महिन्यात एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या, अंतिम मालिकेत ओक्लाहोमा सिटी थंडर आणि इंडियाना पेसर्स हे संघ समोरासमोर आले, तेव्हा अमेरिकेत खेळाइतकीच चर्चा या दोन शहरांच्या आकाराची झाली. न्यूयॉर्क नाही, लॉस एंजेलिस नाही, बॉस्टनही नाही; मग ही मालिका पाहणार कोण, असा त्या चर्चेचा सूर होता. २०२०च्या जनगणनेनुसार ओक्लाहोमा सिटीची लोकसंख्या सुमारे ६ लाख ८१ हजार आणि इंडियानापोलिसची सुमारे ८ लाख ८८ हजार होती. सोलापूर महानगरपालिकेच्या हद्दीत २०११ सालीच ९ लाख ५१ हजार माणसे मोजली गेली होती. आसपासची उपनगरे धरली तर ती दोन्ही शहरे सोलापूरला मागे टाकतात, हे खरे. पण होटगी रस्त्यावरच्या एका घरात सामना पाहायला जमणाऱ्या मंडळींना हा तपशील ऐकून घ्यायचा नसतो. लहान शहरांचा विषय निघाला, की कोणीतरी हमखास विचारते, "मग आपलं काय खेडं आहे का बे?"

सामने तिकडे रात्री साडेआठला, म्हणजे आपल्याकडे सकाळी सहाला सुरू होत. रविवारचा सामना तिकडे आठला असल्यामुळे इथे सोमवारी पहाटे साडेपाचलाच उठावे लागे. पार्क मैदानाच्या या शहरात क्रिकेटच्या चाहत्याला सोबत शोधावी लागत नाही. बास्केटबॉलच्या चाहत्याला मात्र ती शोधावी लागते, आणि एकदा सापडली की तो ती सोडत नाही. या घरात जमणाऱ्यांमध्ये शाळेच्या संघातून खेळलेले जुने खेळाडू आहेत, विद्यापीठाच्या संघातून खेळणारी एक मुलगी आहे, आणि आयुष्यभर मुलांकडून ले-अप (धावत रिंगजवळ जाऊन चेंडू टाकणे) घोटवून घेतलेले एक निवृत्त क्रीडाशिक्षक आहेत, ज्यांना सगळे नुसते 'सर' म्हणतात.

यांच्यात पेसर्सचे समर्थक जास्त का, याला एक कारण आहे. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत वरळीच्या डोममध्ये भारतातले पहिले एनबीए सामने झाले. ते हंगामापूर्वीचे सराव सामने होते आणि त्यांत इंडियाना पेसर्स व सॅक्रामेंटो किंग्ज हे संघ खेळले. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून ज्यांनी तो खेळ डोळ्यांनी पाहिला, त्यांच्यासाठी पेसर्स हा परक्या देशातला संघ उरला नाही. माइल्स टर्नर आणि टी. जे. मॅककॉनेल तेव्हाही त्या संघात होते आणि २०२५च्या अंतिम मालिकेतही होते.

(दृश्य: भिंतीवरच्या टीव्हीला फोनची तार जोडलेली आहे. सतरंजीवर शेंगाचटणीचा डबा आणि कडक भाकरीचे तुकडे ठेवलेले आहेत.)

वाद पहिल्याच सामन्यापासून पेटला. थंडरने नियमित हंगामात ६८ सामने जिंकले होते, पेसर्सने ५०. पहिल्या सामन्यात चौथ्या सत्रात थंडर १५ गुणांनी पुढे होते. तिथून पेसर्स एकेक गुण भरत आले आणि शेवटची ०.३ सेकंदे उरली असताना टायरीस हॅलिबर्टनने चेंडू टाकून ११०विरुद्ध १११ असा सामना फिरवला. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या खेळात पेसर्स आघाडीवर होते ते केवळ त्या शेवटच्या क्षणापुरते. शुक्रवारी सकाळी पावणेनऊच्या सुमारास होटगी रस्त्यावर झालेला आरडाओरडा शेजाऱ्यांच्या अजून लक्षात आहे. तो ओसरल्यावर मात्र प्रश्न आला, की समालोचकांनी हा सामना सांगितला कसा. एका गटाचे म्हणणे असे, की पहिली तीन सत्रे ते थंडरचा विजय गृहीत धरून बोलत राहिले, त्यामुळे मॅककॉनेलसारखा राखीव खेळाडू येऊन खेळाचा वेग कसा बदलतो हे ऐकणाऱ्याच्या लक्षातच येईना. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे, की पुढे असलेल्या संघाबद्दल बोलू नये तर काय करावे?

त्या मालिकेचे समालोचन तिघांकडे होते. मुख्य निवेदक माइक ब्रीन २००६पासून दरवर्षी अंतिम मालिका सांगत आले आहेत, आणि तीन गुणांचा निर्णायक फटका बसला की त्यांच्या तोंडून निघणारा 'बँग' हा एकच शब्द सोलापुरातल्या मैदानावरची मुलेसुद्धा ओरडतात. त्यांच्या बाजूला विश्लेषक म्हणून डोरिस बर्क आणि रिचर्ड जेफरसन बसले होते. जेफरसन स्वतः २०१६च्या विजेत्या क्लीव्हलँड संघात होते. १विरुद्ध ३ सामन्यांनी मागे पडूनही जिंकलेली अंतिम मालिका आजवर तेवढी एकच आहे. जुन्या चाहत्यांच्या कानात मात्र ब्रीन यांच्यासोबत जेफ व्हॅन गंडी आणि मार्क जॅक्सन हेच त्रिकूट बसलेले आहे. २०२३च्या उन्हाळ्यात ईएसपीएन वाहिनीने त्या दोघांनाही काढले आणि तेव्हापासून ब्रीन यांच्या शेजारच्या खुर्च्या स्थिर झालेल्या नाहीत. २०२४मध्ये बर्क यांच्याबरोबर जे. जे. रेडिक होते, ती मालिका संपताच ते लॉस एंजेलिस लेकर्स या संघाचे प्रशिक्षक झाले.

व्हॅन गंडी विषय सोडून भरकटत, पंचांवर चिडत, नियम बदलण्याच्या सूचना करत. होटगी रस्त्यावरच्या मंडळींना ते आवडे, कारण तसे तर इथला प्रत्येक जण करतो. बर्क यांच्याबद्दल मात्र या खोलीत दोन तट आहेत आणि ते वयाप्रमाणे पडलेले नाहीत.

२०२४मध्ये डोरिस बर्क या अंतिम मालिकेचे दूरचित्रवाणीवर विश्लेषण करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. त्याआधी अनेक वर्षे त्या मैदानाच्या कडेला उभ्या राहून प्रशिक्षकांच्या मुलाखती घेत होत्या. महाविद्यालयात असताना त्या पॉइंट गार्ड, म्हणजे संघाची चाल रचणारी खेळाडू, म्हणून खेळल्या होत्या. विद्यापीठाच्या संघातली मुलगीही पॉइंट गार्डच आहे. तिचे म्हणणे असे, की बर्क यांचे बोलणे ऐकताना तिला आपल्या प्रशिक्षकांचे टाइमआउटमधले बोलणे आठवते. अमुक खेळाडूने पडदा (बचाव करणाऱ्याची वाट अडवायला उभे राहणे) कोणत्या बाजूने लावला आणि बचाव करणारा त्याच्या वरून गेला की खालून, हे त्या सांगतात, आणि ते कळले की पुढचा पास आधीच दिसतो. त्यांचा स्वर सपाट आहे, त्या उत्साह चढवत नाहीत, ही तक्रार तिने ऐकली आहे. ती सरळ विचारते, "सर, तुम्ही आम्हाला शिकवताना कधी ओरडून शिकवलंत?" सर यावर हसतात, कारण ते ओरडूनच शिकवत, हे खोलीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे.

या वादात आमचा कल त्या मुलीकडे आहे. उत्साह चढवण्याचे काम ब्रीन करतात आणि ते उत्तम करतात. एकाच वेळी तिघेही ते करू लागले तर खेळ कळायचा कुठून? बर्क यांच्यावरच्या टीकेतला काही भाग त्यांच्या कामाबद्दलचा होता आणि काही भाग खुर्चीत स्त्री बसली याबद्दलचा होता. टीका करणारा कोणता भाग बोलतो आहे, हे त्याला स्वतःलाही दर वेळी कळत असेल असे नाही.

सरांचा आक्षेप मुळातच वेगळा आहे. ते आकाशवाणीवर वाढले. बाळ ज. पंडितांचे मराठी क्रिकेट समालोचन ऐकत त्यांनी मैदान न पाहता मैदान पाहिले, आणि त्यामुळे समालोचक म्हणजे डोळे उसने देणारा माणूस अशी त्यांची व्याख्या आहे. टीव्हीवर डोळे आपले असतात, मग समालोचकाने नेमके काय द्यायचे? सरांच्या मते दोनच गोष्टी द्यायच्या: आपल्याला दिसले नाही ते, आणि दिसूनही कळले नाही ते. बाकी वेळ गप्प बसायचे. बास्केटबॉलमध्ये चेंडू २४ सेकंदांच्या आत टाकावा लागतो. त्या अवधीत जुना किस्सा सुरू केला तर किस्सा आणि चेंडू दोन्ही अर्धवट राहतात, असे ते म्हणतात.

आणखी एक गोष्ट सरांना खटकते, आणि ती आपल्याकडच्या प्रेक्षकालाच खटकणार. आपली मुले आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनी खेळतात. त्यात सत्र १० मिनिटांचे असते, एनबीएत १२ मिनिटांचे. आपल्याकडे पाच फाउलवर खेळाडू बाहेर जातो, तिकडे सहावर. आपली तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर आहे, तिकडची समोरून ७.२४ मीटरवर. बचाव करणाऱ्याने कोणालाही न अडवता रिंगखाली तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नये, हा तिकडचा नियम आपल्याकडे नाहीच. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला हे घरचे असल्याने समालोचक ते सांगत नाहीत, आणि सोलापुरात शिट्टी का वाजली यावरून पाच मिनिटे भांडण चालते. भारतात हिंदी समालोचनाचे प्रयोग झाले आहेत. मराठीतून कोणी हे सांगितले, तर कन्नड आणि तेलुगू घरात बोलणारी इथली मुलेही ते आनंदाने ऐकतील, कारण मैदानावर त्यांची बोली मराठीच असते.

(दृश्य: शहराच्या पूर्व भागातली यंत्रमागाची शेड. मागांच्या खडखडाटात एक तरुण खांबाला टेकवलेल्या फोनकडे पाहतो आहे.)

हा तरुण पूर्वी शालेय संघात होता. आता वडिलांच्या टॉवेलच्या कारखान्यात सकाळची पाळी सांभाळतो. इथे शेजारच्याशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते, त्यामुळे समालोचन ऐकण्याचा प्रश्नच येत नाही. धोट्यातली कांडी संपली की माग थांबतो, ती बदलून तो पुन्हा सुरू करायचा आणि परत फोनकडे पाहायचे, अशा पद्धतीने त्याने जवळजवळ सगळी मालिका पाहिली. ब्रीन, बर्क किंवा जेफरसन यांच्यापैकी एकाचाही शब्द त्याने ऐकलेला नाही.

म्हणूनच त्याचे मत ऐकण्यासारखे आहे. होटगी रस्त्यावर मालिका म्हणजे थंडरचा शाय गिल्जस-अलेक्झांडर विरुद्ध पेसर्सचा हॅलिबर्टन. गिल्जस-अलेक्झांडर हंगामाचाही सर्वोत्तम खेळाडू होता आणि अंतिम मालिकेचाही. त्याने फाउल मिळवण्यासाठी अंग टाकले की नाही यावर तिथे तासन् तास वाद होतो. शेडमधल्या तरुणाला मात्र त्या मालिकेतून आठवतो तो थंडरचा बचाव: लुगेंट्झ डॉर्टचे अंगाला चिकटून राहणे, राखीव म्हणून येणाऱ्या अ‍ॅलेक्स करुसोचे चेंडूत हात घालणे, सातव्या सामन्यातले चेट होल्मग्रेनचे पाच ब्लॉक, म्हणजे हवेतच अडवलेले फटके. तो म्हणतो, "नावं घेणारा कानात नसला ना, की चेंडू नसलेली माणसं दिसायला लागतात." होटगी रस्त्यावरच्यांना हे पटत नाही. थंडरच्या जॅलेन विल्यम्सने पाचव्या सामन्यात ४० गुण केले, ते काय नाव घेतल्यामुळे मोठे झाले का, असे ते विचारतात.

समालोचकाच्या निष्ठेचा प्रश्न निघाला की पेसर्सच्या समर्थकांची थोडी अडचण होते. अंतिम मालिकेच्या आधीच्या फेरीत, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हॅलिबर्टनने पहिल्या सामन्याच्या अखेरीस टाकलेला चेंडू रिंगवर आदळून उंच उडाला आणि आत पडला. तेव्हा त्याने गळा आवळल्याची खूण केली, म्हणजे दडपणाखाली प्रतिस्पर्धी गळपटला. ती खूण १९९४मध्ये त्याच मैदानात पेसर्सच्या रेगी मिलरने केली होती, आणि त्या दिवशी मिलर तिथेच समालोचकांच्या टेबलाशी बसले होते. थंडरचे समर्थक म्हणतात, की ज्याने अठरा हंगाम एकाच संघातून खेळून काढले त्याला त्या संघाच्या सामन्याला बसवू नये. पेसर्सचे समर्थक म्हणतात, की त्या खुणेचा अर्थ मिलरइतका दुसऱ्या कोणाला सांगता आला असता?

सातवा सामना २३ जूनच्या सोमवारी पहाटे झाला. पोटरीच्या दुखापतीसह खेळणाऱ्या हॅलिबर्टनने तीन गुणांचे तीन फटके मारले आणि पहिल्याच सत्रात, पुढे झेप घेताना, त्याची उजव्या पायाची टाचेची शीर तुटली. तो जमिनीवर हात आपटत होता. तरीही मध्यांतराला पेसर्स ४८विरुद्ध ४७ असे एका गुणाने पुढे होते. तिसऱ्या सत्रात थंडरने ३४ गुण केले आणि अखेर १०३विरुद्ध ९१ असा सामना जिंकला. सिअ‍ॅटलहून २००८मध्ये ओक्लाहोमाला आल्यापासूनचे त्यांचे ते पहिले विजेतेपद होते.

हॅलिबर्टन उभा असता तर काय झाले असते, हा वाद होटगी रस्त्यावर संपलेला नाही, आणि समालोचकांनी त्याचे नाव उरलेला सामनाभर घेतले ते योग्य की अयोग्य, हाही नाही. त्याच वर्षी वाहिनीने बर्क यांना पहिल्या त्रिकुटातून हलवून त्यांच्या जागी टिम लेगलर यांना आणले. विद्यापीठाची ती खेळाडू अजून यावर रागावलेली आहे. सर म्हणतात, लेगलर फळ्यावर चाल काढून दाखवणाऱ्यातले आहेत, तिला आवडतील. ती म्हणते, आवडतील, पण बर्कबाईंना काढायचे कारण मला कोणीतरी चालीसारखेच फळ्यावर काढून दाखवावे.