एकाच साच्यातली सनद, निरनिराळी माती

श्रोतेहो, नमस्कार.

दुसऱ्या चार्ल्सने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंडांवर दिलं, हे आपण शाळेत शिकलो. मार्च १६६८ च्या त्या सनदेतलं एक कलम मात्र शाळेत कुणी सांगत नाही. कंपनीने मुंबईची जमीन केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रिनिच या जहागिरीचा भाग समजून धारण करावी, असं त्यात लिहिलेलं आहे. ही कायद्यातली एक सोय होती. अशा जमिनीपोटी राजाची लष्करी चाकरी करावी लागत नसे. ठरलेला खंड भरला की झालं. हेच कलम उत्तर अमेरिकेतल्या दोन इंग्रज वसाहतींच्या, १६०६ च्या व्हर्जिनियाच्या आणि १६२९ च्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेतही आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर सर थॉमस स्मिथ पुढे व्हर्जिनिया कंपनीचाही प्रमुख होता. म्हणजे कागद एकाच साच्यातला, कायदा एक, भाषा एक. तरीही पन्नास वर्षांत व्हर्जिनिया आणि मॅसॅच्युसेट्स हे दोन निराळे देश वाटावेत इतके वेगळे झाले. का, ते आज पाहू.

आधी व्हर्जिनिया. मे १६०७ मध्ये १०४ पुरुष आणि पोरं जेम्स नदीतल्या एका दलदलीच्या द्वीपकल्पावर उतरली, आणि जेम्सटाउन ही वस्ती उभी राहिली. जागा निवडली ती स्पेनच्या भीतीने. समुद्रापासून बरीच आत, आणि काठालगत पाणी इतकं खोल की जहाज थेट झाडाला बांधता यावं. संरक्षणाच्या दृष्टीने ती उत्तम, पण राहण्याच्या दृष्टीने घातक निघाली. कोकणातल्या खाडीकाठी राहणाऱ्या श्रोत्यांना हे लगेच समजेल: उन्हाळ्यात नदीचा ओघ कमी झाला की भरतीचं खारं पाणी आत चढतं. जेम्सटाउन नेमकं गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या सीमेवर होतं. तिथे घाण समुद्राकडे वाहून जात नाही, भरती-ओहोटीबरोबर मागेपुढे होत राहते. वस्तीतला जॉर्ज पर्सी लिहून गेला आहे की भरतीला पाणी फार खारट आणि ओहोटीला गाळाने, घाणीने भरलेलं असे. तेच पाणी माणसं पीत होती. जानेवारी १६०८ मध्ये १०४ पैकी ३८ उरली.

त्यात दुष्काळ. त्या भागातल्या जुन्या सायप्रस झाडांची वर्तुळं मोजल्यावर कळलं की १६०६ ते १६१२ ही तिथली शेकडो वर्षांतली सर्वांत कोरडी सात वर्षं होती. पाऊहाटन या राजाच्या अमलाखालच्या तिथल्या मूळ जमातींकडे स्वतःपुरताच मका होता; या परक्यांना त्या कुठून देणार? व्हर्जिनिया कंपनीने पाठवलेली माणसंही शेतीसाठी आलेली नव्हती. सोनं शोधायचं आणि पॅसिफिककडे जाणारी वाट शोधायची, हा हेतू. मागाहून आलेल्या जहाजांतून सोनार आणि धातू गाळणारे आले. १६०९-१० च्या हिवाळ्यात उपासमारीतून जेमतेम ६० माणसं वाचली.

वसाहत तरली ती तंबाखूवर. जॉन रॉल्फने १६१२ च्या सुमारास वेस्ट इंडीजकडचं गोडसर पानाचं बियाणं लावलं, आणि पाच वर्षांत निर्यात सुमारे २०,००० पौंड वजनावर गेली. निपाणी-चिकोडीकडे तंबाखू करणाऱ्यांना हे पीक किती हात मागतं ते सांगायला नको. थंडीच्या शेवटी वाफ्यात रोपं, मे महिन्यात लावण, मग हाताने अळ्या वेचणं, शेंडे खुडणं, फुटवे काढणं. पुन्हा कापणी, कोठारात टांगून सुकवणं, आणि पानं बेताची नरम झाली की लाकडी पिंपात दाबून भरणं. पान फार कोरडं असेल तर चुरा होतो, ओलं राहिलं तर पिंपातच कुजतं. एका माणसाला दोन-तीन एकरांपलीकडे झेपत नसे. म्हणून जमिनीपेक्षा माणूस महाग झाला, आणि १६१८ पासून जो कुणी एक माणूस स्वखर्चाने आणील त्याला ५० एकर जमीन मिळू लागली.

तंबाखू तीन-चार वर्षांत जमीन थकवतो. मग ती वीसेक वर्षं पडीक ठेवायची आणि पुढचं रान तोडायचं. शिवाय पोटोमॅक, रॅपहॅनॉक, यॉर्क, जेम्स या चार नद्यांत समुद्री जहाज खूप आतपर्यंत येई. प्रत्येक मळ्याचा स्वतःचा धक्का. पिंपं तिथूनच थेट लंडनला. बाजारपेठेचं गाव वसायला कारणच उरलं नाही. १६३० च्या दशकात तिकडे जाणाऱ्यांत एका बाईमागे सहा पुरुष, बहुतेक करारावर बांधलेले तरुण नोकर. घरं विखुरलेली, शाळा विरळ, तापाने माणसं अकाली जायची.

आता उत्तरेकडे वळू. १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉपबरोबर सुमारे हजार प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट पंथाचे इंग्रज, मॅसॅच्युसेट्सला आले आणि दहा वर्षांत हा आकडा २०,००० च्या आसपास गेला. ते कुटुंबकबिल्यासह आले, आपल्या पद्धतीचं चर्च उभारायला. सनद त्यांनी सोबतच आणली होती, म्हणून त्यांच्या कंपनीची सभा आणि वसाहतीचं सरकार एकच झालं. जमीन हिमनद्यांनी आणून टाकलेल्या धोंड्यांची, उन्हाळा आखूड. युरोपात विकण्याजोगं मोठं पीक तिथे होईना. पण कडक थंडीत हिवतापाला फारसा थारा नव्हता, माणसं जास्त जगली. जमीन एकेकट्याला न देता गावाला मिळे: मध्ये सभागृह, भोवती घरं, सामायिक कुरण. माणसं जवळजवळ राहिली म्हणूनच १६४७ चा कायदा अमलात येऊ शकला: ५० कुटुंबांच्या गावाने लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक नेमायचा. उपजीविका लाकूड, जहाजबांधणी आणि सुकवलेल्या कॉड माशावर. त्यातला हलका माल वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या जेवणासाठी जाई. उत्तरेचे हातही या व्यवहारात होते.

इथे एक सावधगिरी हवी. दक्षिणेत पैसा आणि उत्तरेत धर्म, असा सोपा हिशोब पुस्तकांत असतो. तो अपुरा आहे. त्याच काळात प्युरिटनांचीच एक वसाहत कॅरिबियन समुद्रात, निकाराग्वासमोरच्या प्रॉव्हिडन्स बेटावर वसली. श्रद्धा तीच, लंडनचे धर्मनिष्ठ भागधारकही तसेच. पण बेट उष्ण, मळ्यांना सोयीचं आणि स्पॅनिश जहाजांच्या वाटेवर. थोड्याच वर्षांत तिथे गुलामांची संख्या इंग्रजांच्या जवळपास बरोबरीला आली, लुटीची जहाजं सुटू लागली, आणि १६४१ मध्ये स्पेनने बेट घेतलं. मेरीलँडचंही तसंच. कॅथलिकांना आसरा म्हणून १६३४ मध्ये ती वसाहत उभी राहिली, पण व्हर्जिनियाच्या नद्या ज्याला मिळतात तो चेसापीक उपसागर तोच, म्हणून पीकही तंबाखूच. माझ्या मते हेतू ठरवतो कोण येणार. ते कशावर जगणार हे बरंचसं माती आणि पाणी ठरवतं.

पण गुलामगिरी मातीतून उगवली, असं म्हणू नये. व्हर्जिनियात पहिले वीसेक आफ्रिकन ऑगस्ट १६१९ मध्ये आणले गेले, तरी पुढची कित्येक दशकं तंबाखूचं बहुतेक काम इंग्रज करारनोकरच करत. गुलामी पिढीजात झाली ती कायद्याने. आई गुलाम असेल तर मूलही गुलाम, हे १६६२ मध्ये व्हर्जिनियाच्या विधानसभेने ठरवलं. पाऊस किंवा नदी असा ठराव करत नाही.

जॉर्जियात हे सर्वांत स्पष्ट दिसतं. १७३३ मध्ये वसलेल्या या वसाहतीत ती चालवणाऱ्या विश्वस्तांनी १७३५ पासून गुलाम ठेवायला बंदी घातली. गरिबांना ५० एकर, स्वतःच्या हाताने शेती, रेशीम काढायचं, अशी योजना होती. रेशीम जमलं नाही. शेजारच्या साउथ कॅरोलिनात दलदलीच्या भातावर गुलामांच्या कष्टाने लोक श्रीमंत होत होते, आणि जॉर्जियातल्या सावाना गावाकडून बंदी उठवण्याचे अर्ज लंडनला जाऊ लागले. १७५१ मध्ये ती उठली. पण त्याच किनाऱ्यावर, तसलीच दलदल समोर असताना, १७३९ मध्ये डेरियन गावच्या स्कॉटिश वसाहतकऱ्यांनी उलट अर्ज केला होता: गुलाम आणू नका, माणसांना आणि त्यांच्या वंशाला कायम गुलामीत ठेवणं मनुष्यस्वभावाला धक्का देणारं आहे.