खिशातला दरोडेखोर

(दृश्य: चोपडीचं मुखपृष्ठ, अगदी जवळून)

तळहातात मावणारी चोपडी. जाडाभरडा कागद, कोपरे हाताळून काळे पडलेले. लाकडी ठशाचं हे चित्र नीट बघा: घोडा, तलवार आणि शाई फुटल्यामुळे नाकडोळे नसलेला स्वार. छापखान्यात ठसे मोजकेच असत. त्यामुळे एका पुस्तकातला संत दुसऱ्या पुस्तकात बिनदिक्कत राजपुत्र म्हणून खपून जाई.

किंमत सहा पेन्स. फेरीवाले जत्रांतून, बाजारांतून विकत. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला आयर्लंडच्या खेड्यापाड्यांतली पोरं अशाच चोपड्यांवर वाचायला शिकली.

(दृश्य: काउंटी टायरोन. पायवाट, दोन्ही बाजूंना झुडपांचं कुंपण)

1695 च्या कायद्याने कॅथलिकांना शाळा चालवायला बंदी घातली. मग मास्तर कुंपणाच्या आडोशाला बसले. या त्या ‘हेज स्कूल’. 1782 मध्ये बंदी सैल झाली, तोवर शाळा झोपडीत, गोठ्यात भरू लागल्या होत्या. फी आईबाप देत. थंडीत प्रत्येक पोराने काखेत पीटचं, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या जळाऊ मातीचं, एक ढेकूळ आणायचं, शेकोटीसाठी.

क्रमिक पुस्तक कसलं? घरात असेल ते घेऊन यायचं. एकाकडे ‘व्हॅलेंटाइन अँड ऑर्सन’, दुसऱ्याकडे ‘सेव्हन चॅम्पियन्स ऑफ ख्रिस्टनडम’ (दोन्ही जुन्या वीरकथा), तिसऱ्याकडे आयरिश दरोडेखोरांची चरित्रं. आणि सगळे एकदम, मोठ्याने वाचणार!

कादंबरीकार विल्यम कार्लटन, जन्म 1794, इथलाच. अशाच शाळांत शिकला. या पुस्तकांची यादी त्याने लिहून ठेवली, वर नाकही मुरडलं. मुरडो बापडा, त्याची अक्षरओळख याच कोलाहलात पक्की झाली.

(दृश्य: ‘फ्रेनी’चं पहिलं पान)

सगळ्यांत लाडका हा. जेम्स फ्रेनी, किल्केनीचा वाटमाऱ्या. 1754 साली त्याने स्वतःचीच कहाणी छापून घेतली: कुणाला कुठे अडवलं, कुणाचं काय लुटलं, साथीदार कसे फुटले. सगळं सरळ, हिशेबाची वही वाचावी तसं. फासावर गेला नाही. माफी मिळाली आणि पुढे न्यू रॉस बंदरात चक्क जकात खात्यात चिकटला. पोरांना आणखी काय हवं?

(दृश्य: 1825 चा सरकारी अहवाल, पुस्तकांची यादी)

सरकारी चौकशी आयोगाने शाळांत सापडलेली पुस्तकं अशी नावानिशी नोंदवली. त्याआधीच, 1817 पासून, डब्लिनची किल्डेअर प्लेस सोसायटी स्वस्त आणि सोज्वळ पुस्तकं छापत होती. 1831 मध्ये राष्ट्रीय शाळा आल्या, त्यांची ठरावीक वाचनमाला आली, आणि हेज स्कूल मागे पडल्या. दोन्हीकडे वाचन मुख्यतः इंग्रजीतच. घरची आयरिश भाषा हटत गेली.

(दृश्य: गॉलवे, पाऊस)

फ्रेनी मात्र हटला नाही. 1842 मध्ये इंग्रज लेखक थॅकरे गॉलवेत पावसाने अडकला, तेव्हा फ्रेनीचीच चोपडी वाचत बसला. दोन वर्षांनी थॅकरेची ‘बॅरी लिंडन’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली, आणि तिच्यात हा वाटमाऱ्या कॅप्टन फ्रेनी होऊन हजर!