पुरण्यापूर्वी कारण कळू द्या

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोण, डिचोली, पेडणे या तालुक्यांत कुळागराच्या कडेला किंवा काजूच्या बागेच्या उतारावर पाच-दहा शेळ्या पाळणारी अनेक घरे आहेत. या घरांचा संसार केवळ शेळ्यांवर चालत नाही. परंतु मुलांची फी, छपराचे पत्रे, आजारपणाचा खर्च अशा वेळी दावणीचा बोकडच उपयोगी पडतो. म्हणून अशा घरातील दोन-तीन जनावरे एका रात्रीत दगावली, तर कागदावर लहान दिसणारे ते नुकसान त्या घराचे वर्ष बिघडवते. त्यातच शेजारीपाजारी सहज म्हणून जातात, “जनावरच ते, दुसरे घ्या.” हे बोलणे मला मुळीच पटत नाही. ज्या बाईने रात्री उठून त्या करडाला बाटलीने दूध पाजलेले असते, तिला असे सांगणे म्हणजे तिच्या कष्टाची किंमत शून्य धरण्यासारखे आहे.

आज मला या नुकसानातून सावरण्याविषयी बोलायचे आहे आणि त्यासाठी एकच गोष्ट सांगायची आहे. मेलेले जनावर पुरण्यापूर्वी ते कशाने मेले, हे कळले पाहिजे. पुन्हा सांगतो, पुरण्यापूर्वी कारण कळले पाहिजे. याचे महत्त्व मला एका चवथीच्या दिवसांत जसे दिसले, तसे त्यापूर्वी कधी दिसले नव्हते.

सत्तरीतील एका गावात आम्ही नातलगांकडे चवथीला गेलो होतो. त्यांच्या शेजारच्या घरी एका काकींनी जांभ्या दगडाच्या नीटनेटक्या गोठ्यात शेळ्या पाळल्या होत्या. पावसाळ्यात खूर ओले राहून कुजू नयेत म्हणून जमिनीपासून हातभर उंच, फटी ठेवलेल्या फळ्यांचा माचा त्यांनी स्वतः उभा राहून सुताराकडून करून घेतला होता, आणि त्यावर लेंडी साचू नये म्हणून त्या तो दररोज झाडीत असत. चवथीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. आम्ही धावत गेलो, तेव्हा दोन बोकड आडवे पडून थंड झाले होते आणि कळपातील सर्वांत चांगली शेळी मान मागे ताणून, चारही पाय हवेत मारीत पडली होती. ती आमच्या डोळ्यांदेखत गेली. विशेष म्हणजे कळपातील रोड, अशक्त जनावरे शांतपणे रवंथ करीत उभी होती. गेली ती सगळी धष्टपुष्ट, सर्वांत जास्त खाणारी जनावरे.

अंगणात माणसे जमली आणि प्रत्येकाने आपापले कारण सांगितले. कोणी म्हणाले नाग फिरला असेल, कोणी म्हणाले दृष्ट लागली, आणि एकाने तर गावातल्याच एका घराकडे बोट दाखवून कोणीतरी विष घातल्याचा संशय बोलून दाखवला. तेवढ्यात स्कूटरवरून एक मटण विकणारा माणूस आला आणि जनावरे अजून ताजी आहेत, निम्म्या दराने तरी नेतो, असे म्हणू लागला. काकींच्या हातात त्या दिवशी पैसे नव्हते. त्या बोकडांच्या विक्रीवर त्यांनी घराच्या पत्र्यांचे काम ठरवले होते. तरीही त्यांनी त्याला सरळ सांगितले, “कशाने मेली ते ठाऊक नाही, मी हे कोणाच्या पानात वाढू देणार नाही.” त्या घटकेला त्यांनी दाखवलेले धैर्य मी कधी विसरणार नाही.

त्यांचा मुलगा वास्कोला नोकरीला असतो आणि तो चवथीसाठी घरी आला होता. तो कुदळ घेऊन खड्डा खणायला निघाला, तेव्हा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातील तरुण डॉक्टरबाई येऊन पोहोचल्या. सणाचा दिवस असूनही त्या एका फोनवर आल्या होत्या. त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते असे, “काकी, अजून पुरू नका.” प्रथम त्यांनी तिन्ही जनावरांची नाके, तोंडे आणि गुदद्वारे नीट तपासली. श्रोतेहो, हे लक्षात ठेवा. अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त येत असेल, तर तो फाशी रोग असू शकतो, आणि तो माणसालाही होतो. अशा जनावराला हात लावू नये आणि ते कापूही नये. येथे तसे काही नव्हते, म्हणून डॉक्टरबाईंनी हातमोजे चढवून सर्वांत शेवटी मेलेली शेळी उघडली.

हृदयाभोवतीच्या पिशवीत पिवळसर पाणी साठले होते आणि हवा लागताच त्यात गुठळ्या होऊ लागल्या. मूत्रपिंड एरवी घट्ट असते. येथे मात्र बोटाने दाबताच ते ओल्या मातीच्या गोळ्यासारखे खचले. मग मूत्राशयातील लघवीत त्यांनी एक कागदी पट्टी बुडवली. पट्टीचा रंग बदलला, म्हणजे लघवीत साखर उतरली होती. त्यानंतर त्यांनी पोट उघडले, तर आत भातच भात. डॉक्टरबाईंनी मान वर करून अगदी शांतपणे विचारले, “काल यांना भात कोणी घातला?”

अंगण गप्प झाले. सणाचे जेवण उरले होते, अन्न वाया जाऊ नये म्हणून मुलानेच रात्री भाताचे टोप आणि खीर शेळ्यांपुढे ओतली होती. त्याच्या हातातली कुदळ तशीच राहिली.

डॉक्टरबाईंनी त्यानंतर जे समजावून सांगितले, ते मी माझ्या शब्दांत सांगतो. या रोगाला आंत्रविषार म्हणतात. त्याचे जंतू निरोगी शेळीच्या आतड्यातही थोड्या प्रमाणात असतातच. भात, धान्य, पेज असे पिठूळ खाणे अचानक भरपूर मिळाले किंवा पावसानंतरचा कोवळा लुसलुशीत चारा एकदम पोटभर मिळाला, की ते जंतू झपाट्याने वाढतात, विष तयार करतात आणि काही तासांत जनावर जाते. जे जास्त खाते तेच आधी मरते. म्हणून मृत्यू बहुधा चांगल्या जनावरांनाच गाठतो आणि लोकांना त्यात करणी किंवा विषप्रयोग दिसतो. यावर लस आहे. पहिल्या वर्षी दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा आणि पुढे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी एक मात्रा द्यावी लागते. गावात मे महिन्यात लसीकरण झाले, तेव्हा काकी मुलीच्या बाळंतपणासाठी तिच्या सासरी होत्या.

मुलाला तेव्हा रडू आवरेना. डॉक्टरबाई त्याला म्हणाल्या, “बाबू, अन्न टाकवत नाही म्हणून तू ते घातलेस. आता उरलेल्या जनावरांकडे बघ.” आणि त्यांनी त्यालाच कामाला लावले. भात खाल्लेल्या शेळ्यांना वेगळे करायचे, आंबोण बंद करून फक्त सुका पेंढा द्यायचा, पाणी पुढे ठेवायचे, आणि दर तासाला कोणाचे पोट फुगते आहे, कोण मान टाकते आहे ते पाहायचे. त्यांनी स्वतः औषधोपचार केले. दुपारी विहिरीपासून दूर, पावसाचे पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर पुरुषभर खोल खड्डा खणून, चुना घालून तिन्ही जनावरे पुरली. कळपातील आणखी एकही जनावर गेले नाही. आणि ज्या शेजाऱ्यावर सकाळी विषप्रयोगाचा संशय घेतला गेला होता, तोच खड्डा खणायला मदतीला आला होता. कारण न कळताच पुरले असते, तर त्या दोन घरांतले बोलणे कायमचे तुटले असते, आणि उरलेला भात संध्याकाळी पुन्हा शेळ्यांच्या पुढे गेला असता.

श्रोतेहो, म्हणून पुन्हा सांगतो, पुरण्यापूर्वी कारण कळले पाहिजे.

शेळ्यांच्या बुळकांडीचे, म्हणजे पीपीआर या रोगाचे उदाहरण घ्या. ताप, नाकाडोळ्यांतून स्राव, तोंडात व्रण आणि हगवण अशी लक्षणे दिसली, की एक जनावर जाण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे, कारण हा विषाणू कळपभर पसरतो. भारतात तो १९८७ मध्ये प्रथम तामिळनाडूत आढळला. आज त्यावर चांगली लस आहे, आणि गाईगुरांची बुळकांडी २०११ मध्ये जगातून नाहीशी झाली, तशी हीसुद्धा २०३० पर्यंत नाहीशी करण्याचे जगाने ठरवले आहे. गावठी शेळीला काही होत नाही, ही समजूत सोडून द्यावी. बाजारातून आणलेली शेळी निदान तीन आठवडे वेगळी बांधावी.

हेच दूरदेशी हरणे पाळणाऱ्यांनाही शिकावे लागले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे चितळ किंवा सांबर पाळता येत नाही, ते बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन पाहावे. न्यूझीलंडमध्ये मात्र लाल हरणांची शेती चालते. तेथे दूध तोडलेली पाडसे पहिल्याच हिवाळ्यात हगवणीने मरत. मेलेली पाडसे तपासल्यावर येर्सिनिया हा जंतू सापडला; आईपासून तुटणे, थंडी आणि चाऱ्यातील बदल यांच्या ताणाने तो उसळतो हे कळले, आणि पुढे लसही तयार झाली.

आता जंगली श्वापदांविषयी. बिबट्याने शेळी नेली, तर राग येणारच. परंतु रागाच्या भरात काय घडू शकते, हे आपण २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात पाहिले. गुरे मारली गेल्यानंतर झालेल्या विषबाधेत चार वाघ मेले, गरीब घरांतील माणसांना अटक झाली, आणि गेलेले जनावर काही परत आले नाही. श्वापदाने जनावर मारले, तर ते जागेवरून न हलवता वन खात्याला कळवावे, पंचनामा करून घ्यावा आणि भरपाईचा अर्ज करावा. रात्री गोठ्याला भक्कम दार असावे. आणि येथे माझे एक ठाम मत सांगतो. बिबट्याइतकीच भीती मोकाट कुत्र्यांच्या टोळ्यांची बाळगली पाहिजे, आणि रस्त्याकडेला उष्टे-खरकटे फेकणारे लोकच या टोळ्या पोसतात. पंचायतींनी हा प्रश्न शेळीपालकांचा प्रश्न म्हणूनही हाती घ्यावा.

जनावरांचा विमा असेल, तर कानातील बिल्ला कधीही काढू नये आणि पडला तर लगेच कळवावे. दावा करताना तो बिल्ला आणि डॉक्टरांचा शवविच्छेदन अहवाल, दोन्ही लागतात. म्हणजे येथेही पुरण्यापूर्वीच डॉक्टरांना बोलवावे लागते. प्रत्येक जनावराची जन्मतारीख, लस, जंतनाशक आणि वेत यांची नोंद एका वहीत असावी.

एवढे करूनही मन लागत नसेल, झोप येत नसेल, गोठ्याकडे पाय वळत नसतील, तर ते घरात बोलून दाखवावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तो रात्रंदिवस चालू असतो. पुन्हा सांगतो, एक चार चार एक सहा. शेळी गेल्याचे दुःख तेथे सांगायला कोणीही संकोच करू नये.

नमस्कार.