रिमोटवरचं ते छोटं बटण

राम राम मंडळी! आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील हे तर पोरासोरांचं, पण थोडं थांबा आणि ऐका, कारण मी हे मनापासून बोलतोय. सुपरहिरोंच्या ॲनिमेशन फिल्म, ॲक्शन सिनेमे, आणि ते डीव्हीडीवर बघणं.

आमचं घर भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, खिडकीला ओली चादर, कूलरमध्ये दोन बादल्या पाणी, आणि लोडशेडिंगचं टाइमटेबल भिंतीवर चिकटवलेलं, म्हणजे लाईट जायच्या आत सिनेमा संपलाच पाहिजे. डीव्हीडीच्या आधी व्हीसीडी होती, एका पिक्चरच्या दोन सीडी, ऐन रंगात आला की उठून बदला, आणि चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, मारामारी सुरू झाली की पडद्यावर नुसते चौकोन नाचायचे. डीव्हीडीवर ७२० बाय ५७६, म्हणजे चौपटीहून जास्त ठिपके. माय सुद्धा म्हणाली, आता माणसाचं तोंड दिसतं रे!

बॅटमॅनची ती कार्टून मालिका आठवते का, १९९२ सालची, ब्रूस टिम आणि एरिक रॅडोम्स्कीची? तिच्यातली मागची चित्रं, म्हणजे बिल्डिंगी, गल्ल्या, आभाळ, हे सगळं काळ्या कागदावर रंगवलेलं आहे, पांढऱ्यावर नाही. आधी अंधार, मग त्याच्यात हवा तेवढाच उजेड काढायचा. व्हीसीडीवर हा अंधार म्हणजे नुसता चिखल होता. डीव्हीडीवर पहिल्यांदा कळलं की त्या काळ्यात पण निळसर काळं वेगळं आणि तांबूस काळं वेगळं, आणि मी तो सीन थांबवून टीव्हीला नाक लावून बघत बसलो होतो.

त्याच टीमने मग मास्क ऑफ द फँटॅझम केला. हा खरं तर व्हिडिओसाठीच बनत होता, कंपनीने मध्येच ठरवलं की थिएटरात लावू, २५ डिसेंबर १९९३ ला लावला आणि तो चालला नाही. पुढे व्हिडिओवर आणि डीव्हीडीवर लोकांनी उचलून धरला. सव्वा तासापेक्षा थोडाच मोठा सिनेमा आहे, ७६ मिनिटांचा, पण त्यात एक सीन आहे ज्याच्यासाठी मी ती डिस्क आजही जपून ठेवलीय. ब्रूस वेन, म्हणजे मास्कमागचा बॅटमॅन, आईबापाच्या थडग्यासमोर पावसात उभा आहे. त्यांना शब्द दिलाय की आयुष्यभर गुन्हेगारांशी लढेन, आणि आता त्याला एक मुलगी आवडलीय. तो रडकुंडीला येऊन त्यांच्याकडे सुटका मागतो, म्हणतो की मी सुखी होईन हे मी धरलंच नव्हतं. सांगा मला, हे पोरासोरांचं आहे? आपल्याकडे वडिलांना दिलेल्या शब्दापायी किती जणांची आयुष्यं गेली, शेती सांभाळायला शिक्षण सोडलं, बहिणीच्या लग्नासाठी स्वतःचं लांबवलं. मी तो सीन बघताना प्रत्येक वेळी तेच चेहरे आठवतो.

आणि तो आवाज! केव्हिन कॉनरॉय. ब्रूसचा आवाज वेगळा आणि बॅटमॅनचा वेगळा, मास्क चढवला की आवाज खाली उतरतो. जोकरला मार्क हॅमिल. या मालिकेचं रेकॉर्डिंग करताना आवाज देणाऱ्यांना शक्यतो एकाच खोलीत बसवायचे, नाटकाच्या तालमीसारखं, त्यामुळे एकाच्या वाक्यावर दुसऱ्याचं वाक्य असं काही पडतं की वेगवेगळं रेकॉर्ड केलेल्यात ते सापडत नाही. कॉनरॉय नोव्हेंबर २०२२ मध्ये गेले. त्या दिवशी मी घरात कुणाशी फारसं बोललो नाही.

एक बारीक गोष्ट सांगतो, आवाजाचीच. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ चित्रांचा असतो, पण आपल्याकडच्या पाल डिस्कवर, म्हणजे आपल्या टीव्हीच्या पद्धतीच्या डिस्कवर, तो बहुतेक वेळा २५ ने धावतो. म्हणजे १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो आणि सगळ्यांचे आवाज किंचित वर चढतात. मला पहिली दोन वर्षं वाटत होतं आमचा प्लेअर बिघडलाय!

आता मूळ मुद्दा. मारामारी. माझं ठाम मत आहे की आजच्या बऱ्याच मोठ्या ॲक्शन सिनेमांपेक्षा चांगल्या ॲनिमेशनमधली मारामारी जास्त कळते, आणि कारण साधं आहे. तिथला एकही ठोसा चुकून पडत नाही, कुणीतरी बसून तो काढलेला असतो, पाय कुठे टेकलाय, वजन कुठल्या खांद्यावर आलंय, समोरचा किती मागे जाईल. कॅमेरा हलवून आणि सेकंदाला दोन-दोन कट मारून तिथं काही लपवता येत नाही. तुम्ही स्वतः करून बघा, रिमोटवर एक-एक फ्रेम पुढे नेणारं बटण असतं, नुसती उभी रेघ आणि बाण. कुठलाही घाईघाईत कापलेला फायटिंगचा सीन घ्या आणि ते दाबत जा. एक हात, एक भिंत, एक ओरडणारं तोंड, परत हात, ठोसा लागताना दिसतच नाही हो! आणि मग जॅकी चॅनचा १९८५ चा पोलीस स्टोरी लावा, मॉलमध्ये तो खांबावरून खाली घसरत येतो, दिव्यांच्या माळा तडातड फुटतात, आणि तेच तीन वेळा दाखवलंय वेगवेगळ्या बाजूने, कारण माणसाने ते खरंच केलंय, लपवायचं काय त्यात. जॅकी चॅन आणि चांगलं ॲनिमेशन, मला तरी ही दोन्ही एकाच जातीची वाटतात.

ते बटण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं स्पायडर-व्हर्सला. इनटू द स्पायडर-व्हर्स, २०१८ चा, ऑस्कर मिळालेला. बर्फातल्या जंगलात माइल्स, म्हणजे नवखा स्पायडर-मॅन, पहिल्यांदा जाळं टाकत झोके घेतो आणि सोबत मोठा, अनुभवी पीटर आहे, तो सीन. मी भाच्याला शेजारी बसवलं आणि म्हटलं तू मोज. दाबलं. पीटर हलला, माइल्स नाही. परत दाबलं, दोघं हलले. परत दाबलं, फक्त पीटर. भाचा म्हणतो मामा, हा हँग होतोय का? हँग नाही रे बाबा, त्या पोराला अजून येत नाही, म्हणून त्याचं चित्र दोन फ्रेमला एकदाच बदलतं, सेकंदाला १२, आणि पीटरचं प्रत्येक फ्रेमला, २४. थिएटरात आपल्याला फक्त जाणवतं की पोरगं अडखळतंय. का जाणवतं ते या बटणाने कळतं. भाच्याने पुढचा अर्धा तास रिमोट सोडला नाही.

अंडर द रेड हूडबद्दल पण बोललंच पाहिजे, २०१० चा. बॅटमॅनची कॉमिक्स काढणाऱ्या डीसी कंपनीने २००७ पासून अशा बऱ्याच फिल्म थेट डिस्कसाठी काढल्या, थिएटरचा संबंधच नाही, त्यामुळे आमच्यासारख्यांना डीव्हीडी हाच दरवाजा होता. यात शेवटी एका पडक्या खोलीत बॅटमॅन आणि मरून परत आलेला त्याचा जुना साथीदार बापलेकासारखे भांडतात. पोराचं म्हणणं, मला वाचवता आलं नाही त्याची तक्रार नाही, पण ज्याने मला मारलं तो अजून जिवंत कसा? मला विचाराल तर हा सिनेमा बॅटमॅनच्या बऱ्याच खऱ्या माणसांच्या सिनेमांच्या वर आहे. सगळेच असे नाहीत, काही फिल्म नुसत्या पुढच्या फिल्मची जाहिरात असतात, त्या मी एकदा बघून मित्राला देऊन टाकल्या.

आणि सुपरहिरो काय फक्त अमेरिकेतच होतात असं नाही. धुळ्याहून आग्रा रोडने निघालं की मालेगाव. तिथं शेख नासिर यांनी आपला सुपरमॅनचा सिनेमा बनवला, हिरो शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा किडकिडीत माणूस. त्या खटपटीवर फैजा अहमद खान यांनी डॉक्युमेंटरी केली. ती बघताना हसू येतं आणि घशात काहीतरी अडकतं पण. शफीक पुढे कॅन्सरने गेला. उडताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद आहे तो कोट्यवधी डॉलरच्या सिनेमात मला क्वचित दिसलाय.

जाता जाता कामाचं. घरात डिस्क असतील तर भंगारात घालू नका. आपल्याकडे धूळ फार, म्हणून जुन्या बनियनचा मऊ तुकडा घ्या, किंचित ओला करा, आणि मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल फिरवून अजिबात नाही, कारण डेटा गोल लिहिलेला असतो आणि गोल ओरखडा गेला तर लांबचा तुकडाच जातो. आणि डिस्क आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे एका थराच्या डिस्कवर सिनेमा जेवढा पुढे तेवढा कडेच्या जवळ, आणि बोटं लागतात ती कडेलाच. माझी फँटॅझमची डिस्क नेमकी तशीच झालीय. थडग्याजवळचा पाऊस व्यवस्थित दिसतो, पण शेवटची दहा मिनिटं अडकतात. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही कुणाकडे चालणारी असेल तर आमच्या रेडिओ केंद्राच्या पत्त्यावर नुसती एक चिठ्ठी टाका, मी स्वतः येऊन बघून जाईन, न्यायची पण नाही, तुमच्याच घरी बसून शेवट बघेन. राम राम!