रस्ता ओलांडायला किती सेकंद लागतात?

नमस्कार मंडळी. आज मी तुमच्याशी एका आकड्याबद्दल बोलणार आहे. १.२. म्हणजे सेकंदाला १.२ मीटर. रस्ता ओलांडताना माणूस एवढ्या वेगानं चालतो असं धरून जगभरात वर्षानुवर्षं सिग्नलची वेळ काढतात, आपल्याकडेही साधारण हाच आकडा वापरतात, आणि पुण्यात टिळक रोडला किंवा कर्वे रोडला तुम्ही कडेला उभे असता तेव्हा समोरचा हिरवा माणूस किती वेळ दिसणार हे मुळात इथून ठरतं. जिथे तो हिरवा माणूस आहे तिथे म्हणतेय मी. बऱ्याच चौकांत तो नाहीच.

आता जरा हिशोब करू, सोपा आहे. समजा रस्ता १८ मीटर रुंद आहे, मध्ये थांबायला जागा नाही. १८ भागिले १.२, झाले १५ सेकंद. कॉलेजची मुलं गप्पा मारत जातील. पण इंग्लंडमध्ये ६५ च्या पुढच्या लोकांचा चालण्याचा वेग मोजला गेला होता, २०१२ साली त्यावर पेपर आला, त्यात पुरुषांची सरासरी निघाली सेकंदाला ०.९ मीटर आणि बायकांची ०.८. म्हणजे १५ सेकंदांत आजी १२ मीटर जातात आणि सिग्नल सुटतो तेव्हा पलीकडची कड अजून ६ मीटर लांब असते, जवळजवळ दोन लेन. आणि हे मोजलेलं सपाट जमिनीवर. आपल्या आजींच्या हातात मंडईची पिशवी असते, झेब्रावर टू-व्हीलर उभ्या असतात त्यातून वाट काढायची असते, फूटपाथची पायरी उतरायची असते, ते सगळं वेगळंच.

मी वाहतूक नियोजन शिकवते, त्यामुळे दरवर्षी मुलांना घेऊन चौकात उभी राहते. गाड्या मोजायला मुलांना आवडतं, सोपंही असतं, तक्ता तयार असतो. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे आपल्याकडे रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था, तिच्या १९९० च्या नियमावलीत कार म्हणजे १, रिक्षा १.२, बस २.२ असे आकडे दिलेत, ट्रॅफिकमध्ये त्या प्रकारच्या गाडीचं प्रमाण वाढलं की ते बदलतात पण. प्रत्येक गाडी किती जागा खाते त्याचं हे माप. त्यात बस भरलेली आहे की रिकामी हे कुठेच येत नाही, आणि चालणारा माणूस तर त्या तक्त्यात नाहीच. त्याच्यासाठी वेगळा कागद घ्यावा लागतो आणि तो कागद बहुतेक वेळा कुणी घेत नाही.

सिग्नलच्या गणिताचंही तेच. वेबस्टर नावाच्या ब्रिटिश संशोधकानं १९५८ मध्ये सूत्र दिलं की चौकात गाड्यांचा एकूण खोळंबा कमीत कमी होण्यासाठी सिग्नलचं एक चक्र किती सेकंदांचं असावं. फार मोलाचं काम आहे ते, आजही आम्ही शिकवतो. पण खोळंबा कुणाचा, तर गाड्यांचा. गाड्या वाढल्या की चक्र लांबतं, मोठ्या चौकांत ते दोन मिनिटांच्याही पुढे जातं, आणि चालणारा कडेला उभाच. अमेरिकेतल्या हायवे कपॅसिटी मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की ३० सेकंदांपेक्षा जास्त थांबावं लागलं की पायी जाणारा अधीर होतो आणि धोका पत्करून निघतो. मग आपण म्हणतो पुणेकरांना शिस्त नाही. मला हे अजिबात पटत नाही. अमेरिकेतल्या माणसालाही जे जमत नाही ते तुम्ही अलका टॉकीजच्या चौकात उन्हात उभ्या असलेल्या माणसाकडून मागताय.

मग करायचं काय? दोनच गोष्टी हातात आहेत, सेकंद वाढवा नाहीतर मीटर कमी करा.

सेकंद वाढवायचं उदाहरण सिंगापूरचं. तिथे २००९ पासून ज्येष्ठांनी त्यांचं कार्ड सिग्नलच्या खांबावरच्या यंत्राला लावलं की क्रॉसिंगच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद जास्त मिळतात. छान आहे, पण मला स्वतःला मीटर कमी करणं जास्त महत्त्वाचं वाटतं कारण त्याला ना कार्ड लागतं ना वीज. क्रॉसिंगच्या जागी दोन्ही बाजूंनी फूटपाथ दोन-दोन मीटर पुढे काढला, म्हणजे एरवी जिथे गाड्या पार्क असतात तेवढीच जागा, की १८ चे १४ मीटर होतात आणि आजींना साडेबावीसऐवजी साडेसतरा सेकंद पुरतात. त्यात रस्त्याच्या मधोमध थांबायला उंचवट्याची बेटासारखी जागा दिली, दीड-दोन मीटरची, तर एका वेळी एकच बाजू बघायची, ६ मीटर चालायचं, थांबायचं, मग पुढचे ६. जंगली महाराज रस्त्याचा फूटपाथ रुंद केला तेव्हा किती ओरड झाली होती की आता ट्रॅफिक तुंबणार, आणि आज संध्याकाळी तिथे जाऊन बघा, बाकांवर किती ज्येष्ठ मंडळी बसलेली असतात.

फ्री लेफ्टबद्दल मात्र मला जरा जोरात बोलायचंय. डावीकडे वळणाऱ्याला कधीच थांबायचं नाही असं ठरवलं की त्या कोपऱ्यावर चालणाऱ्याची पाळी कधीच येत नाही. वर कोपरा ऐसपैस गोल केलेला, त्यामुळे गाडी वेग न कमी करता वळते. ताशी ३० ची गाडी ५० वर गेली की तिच्या धडकेतली ऊर्जा पावणेतीन पटीहून जास्त होते, हे शाळेतलं भौतिकशास्त्र आहे. कोपरा काटकोनाकडे नेला की ड्रायव्हरला ब्रेक लावावाच लागतो, पोलीस उभा असो नसो.

आणि पादचारी पूल हा उपाय आहे असं कृपा करून कुणी म्हणू नका. खालून बस-ट्रक जायला साडेपाच मीटर सोडायचे, पायरी १५ सेंटीमीटरची, म्हणजे ३६ च्या वर पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तुम्ही याला रस्ता ओलांडणं म्हणाल का?

अपघातांचे आकडे दरवर्षी पेपरात येतात, ते यायलाच हवेत. पण जे रस्ता ओलांडणंच सोडून देतात ते कुठल्या आकड्यात येतात? सर्व्हेच्या वेळी एक आजी भेटल्या, म्हणाल्या मी आता पलीकडच्या भाजीवालीकडे जातच नाही, अलीकडे महाग मिळते पण अलीकडूनच घेते. पलीकडे त्यांची मैत्रीण राहते, तिच्याकडे जाणंही बंद झालंय. सॅन फ्रान्सिस्कोत डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनेच्या अभ्यासकांनी १९६९ च्या सुमारास हेच शोधलं होतं. तीन सारख्या गल्ल्या, फरक फक्त रहदारीचा. दिवसाला साधारण २ हजार गाड्या जाणाऱ्या गल्लीत माणसाला गल्लीतले सरासरी ३ मित्र, १६ हजार गाड्यांच्या गल्लीत एकही धड नाही, ०.९. आपल्या कोथरूड, सहकारनगरच्या जुन्या सोसायट्यांत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांचा विचार करा म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल.

बसचंही यातच येतं बरं का. पीएमपीने जाणारा प्रत्येक माणूस जाताना नाहीतर येताना एकदा तरी रस्ता ओलांडतोच. बस कितीही चांगली केली आणि स्टॉपसमोर क्रॉसिंग नसेल तर ज्याला जमेल तो टू-व्हीलर घेणार, ज्याला जमणार नाही तो घरी बसणार.

पुणे महापालिकेनं २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलंय, त्यामुळे मागायला आपल्याकडे कागद आहे. तुम्ही एक करा. घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला घेऊन जवळच्या चौकात जा, मोबाईलचं स्टॉपवॉच लावा, हिरवा किती सेकंद राहतो ते बघा आणि पलीकडे पोचायला किती लागतात तेही बघा. दोन्ही आकडे, चौकाचं नाव, वार आणि वेळ, एवढं एका कागदावर लिहून क्षेत्रीय कार्यालयात आणि वाहतूक पोलिसांकडे द्या, पोच घ्यायला विसरू नका. शाळा सुटायच्या वेळी मोजलंत तर त्याची एक वेगळी ओळ लिहा, कारण पोरांना तोच सिग्नल पुरतो की नाही हेही कुणी बघितलेलं नसतं.