टेनारला बाहेर काढल्यावर

श्रोतेहो, नमस्कार. आज ज्या पुस्तकाबद्दल बोलणार आहे ते मला फार प्रिय आहे, आणि त्याच्या शेवटाचा मला अजूनही राग येतो. दोन्ही गोष्टी सांगायच्या आहेत.

उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही किशोरांसाठीची कादंबरी १९६८ साली आली. गेड नावाच्या, गावातल्या लोहाराच्या मुलाची ती गोष्ट. तो जादू शिकतो, घमेंडीत एक भयंकर सावली जगात आणतो आणि मग छोट्या होडीतून बेटांमागून बेटं पालथी घालत तिचा माग काढतो. पुस्तकभर समुद्र आहे, वारा आहे. १९७१ साली दुसरा भाग आला, 'द टूम्ब्स ऑफ अटुआन'. वाचक पुन्हा होडीत बसायला तयार, आणि लेखिका त्याला नेऊन बसवते वाळवंटातल्या एका देवस्थानात, भिंतीच्या आत. बारा प्रकरणांच्या या पुस्तकात गेड थेट पाचव्या प्रकरणात दिसतो. तोवर गोष्ट आहे टेनारची.

या मुलीचा जन्म जुनी पुजारीण वारली त्याच रात्री झाला, म्हणून ती तिचाच पुनर्जन्म असं ठरतं. पाचव्या वर्षी तिला आईबापांकडून नेतात. सहाव्या वर्षी विधी होतो, मानेवर तलवार धरली जाते, आणि तिचं नाव काढून घेतलं जातं. यापुढे ती आर्हा, म्हणजे गिळली गेलेली. नाव नसलेल्या, जमिनीखालच्या अंधारात राहणाऱ्या शक्तींना ती वाहिलेली. खंडोबाला मुरळी सोडण्याची चाल ज्यांनी ऐकली-वाचली आहे, त्या मराठी वाचकाला ही पानं नुसती कल्पित वाटणार नाहीत.

पुस्तकाचं खरं वैभव त्या अंधारात आहे. थडग्यांखालच्या गुहेत दिवा न्यायला बंदी. पलीकडे भुयारांचा चक्रव्यूह. आर्हा तो हातानं चाचपून, वळणं मोजून पाठ करते, आणि वाचकही तिच्याबरोबर मोजायला लागतो. जादूच्या गोष्टींत डोळे दिपवणं सोपं असतं. इथे लेखिका पानंच्या पानं काहीही दिसू देत नाही, तरी पुस्तक खाली ठेवता येत नाही. आणि ती आपल्या नायिकेला गोंडस करत नाही. पंधराएक वर्षांच्या या मुलीला तीन कैद्यांचा मृत्यू ठरवावा लागतो. ती ठरवते, उपासमारीनं आणि तहानेनं. नंतर तिला झोप लागत नाही. मुलांच्या पुस्तकात इतकं खरं लिहिणारी माणसं थोडी.

मग गेड येतो, हातात घालायच्या एका तुटलेल्या कड्याचा अर्धा भाग शोधायला. ज्या गुहेत कधी उजेड पडला नाही तिथे त्याच्या काठीचा प्रकाश पडतो, आणि आर्हा आपली जागा आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांनी पाहते. ती त्याला कोंडते. मग पाणी नेऊन देते. मारायचं ठरवते, मारत नाही. ही घालमेल मी कितीही वेळा वाचू शकेन.

इथून पुढे माझं बिनसतं. सगळ्यांत अवघड निर्णय तिनं घेतलेला असतो, आणि नेमकी त्यानंतर गोष्ट तिच्या हातातून सुटते. भूकंप थोपवून धरतो गेड. दगडी दार उघडतो गेड. डोंगरात सशाला हाक मारून बोलावून दाखवतो गेड. ती त्याच्या मागून चालते, रडते, विचारते. शेवटी हॅवनॉर शहराच्या रस्त्यांवरून ती त्याचा हात धरून चालते, घरी परतणाऱ्या लहान मुलासारखी. जिनं तो चक्रव्यूह पाठ केला, तिला लहान मूल का करायचं?

लेखिकेनं पुढे यावर उत्तर दिलं आहे: टेनार एकटी सुटू शकत नव्हती, पण गेडही तिच्याशिवाय सुटला नसता. हे खरंच आहे. तिनं पाणी नेलं नसतं तर तो भुयारातच मेला असता. तरी पाणी देणारी आणि दार उघडणारा यांना पुस्तक सारखी जागा देत नाही, हे माझं म्हणणं कायम आहे. अपवाद एकाच प्रसंगाचा. किनाऱ्यावर गेड समुद्राकडे पाहत स्वतःत हरवून बसलेला असताना ती सुरी घेऊन त्याच्यासमोर उभी राहते. स्वातंत्र्य मिळालं म्हणून राग संपत नाही, उलट तेव्हाच तो वर येतो. तिथे ती पुन्हा पूर्णपणे स्वतःची असते.

१९७२ च्या तिसऱ्या भागात तर टेनार प्रत्यक्ष येतच नाही. ती येते १९९० साली, 'तेहानू'मध्ये: गाँट बेटावर शेत सांभाळणारी, मुलं मोठी झालेली विधवा, भाजलेल्या एका मुलीला पोटाशी धरणारी. मधल्या अठरा वर्षांत ले ग्विन यांनी आपल्याच जगाकडे नव्यानं पाहिलं होतं. त्या जगात पुरुषच विझर्ड होतात आणि बायकांची जादू हलकी मानली जाते, हे त्यांनी पहिल्या पुस्तकात म्हणीसारखं लिहून टाकलं होतं. पुढे त्यांनी तेच उघडपणे तपासायला घेतलं. आपलं लोकप्रिय जग असं उसवायला धैर्य लागतं, आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे. पण 'तेहानू' चांगली आहे म्हणून अटुआनचा शेवट दुरुस्त झाला, असं मी मानत नाही. तेरा वर्षांची मुलगी दुसरा भाग वाचते तेव्हा तिच्या हातात तेवढंच पुस्तक असतं.

आणखी एक सल आहे, पेंथेची. सफरचंदासारख्या गोल चेहऱ्याची, आर्हाच्याच वयाची ही पुजारीण देवबिव मानत नाही. इथे गाडून घेण्यापेक्षा डुकरं राखणाऱ्याशी लग्न केलेलं बरं, असं ती बेधडक म्हणते. आर्हाच्या श्रद्धेला पहिला तडा गेडच्या आधी तिनं पाडला. थडगी कोसळतात, देवस्थान हादरतं, टेनार निघून जाते, आणि पेंथेचं काय झालं ते हे पुस्तक सांगत नाही. श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणी हे पुस्तक वाचायला घेतलंत, किंवा घरातल्या मुलीला दिलंत, तर चौथं प्रकरण सावकाश वाचा. पेंथे तिथे आहे.