हे कशावरून? बेळगावच्या वाचनालयातला ट्रू क्राईमचा दिवस

नमस्कार मंडळी. हे बेळगाव, आणि हा जो हॉल दिसतोय तो गल्लीतल्या एका जुन्या वाचनालयाचा, एरवी सकाळी इथं रिटायर्ड मंडळी पेपर वाचत बसलेली असतात पण आज टेबलांवर पेपर नाहीत, स्टॅम्प पॅड आहेत, भिंगं आहेत, सेलोटेपची रिळं आहेत. आज ट्रू क्राईमवाल्यांचा दिवस आहे. म्हणजे रात्री जेवणं आवरली की मोबाईलवर खुनाच्या केसेस बघत बसणारी, पॉडकास्ट लावून भाकऱ्या भाजणारी जी माणसं आहेत ना, त्यांच्यासाठी. आणि ती आपल्याकडं किती आहेत ते आज कळलं, खुर्च्या संपल्या म्हणून मागं सतरंज्या अंथराव्या लागल्या.

ग्रंथपाल मॅडमनी सकाळीच फळ्यावर लिहून ठेवलंय, "हे कशावरून?" नियम एकच, कुणी छातीठोकपणे काही बोललं की शेजारच्यानं हा प्रश्न विचारायचा, आणि समोरच्यानं कागद दाखवायचा. कोर्टाचा निकाल चालेल, जुना पेपर चालेल. "एका व्हिडिओत बघितलं" हे चालणार नाही.

पहिलं टेबल बोटांच्या ठशांचं. चहा पिऊन ठेवलेला स्टीलचा ग्लास, त्यावर पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड, मऊ ब्रशनं अगदी हलक्या हातानं झटकायचं, जोर लावला की ठसा पुसलाच. मग वर सेलोटेप दाबून उचलायची आणि पांढऱ्या कार्डावर चिकटवायची. ही नववीतली पोरगी बघा, दोन वेळा पूड जास्त झाली, तिसऱ्यांदा अंगठा असा काय उमटलाय, एकेक रेघ मोजून घ्यावी. आपल्याकडं आज्या बाळाच्या बोटांवर चक्र किती नि शंख किती बघतात, पोलिसांच्या वर्गीकरणातही चक्र आहे, शंखासारखे फास आहेत आणि तिसरी कमान, ती सगळ्यात कमी लोकांत सापडते. जगातला पहिला फिंगरप्रिंट ब्युरो कलकत्त्यात निघाला, १८९७ साली, आणि वर्गीकरणाचं किचकट गणित बसवलं ते अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन इन्स्पेक्टरांनी. नाव मात्र लागलं त्यांच्या साहेबाचं, हेन्री सिस्टीम. हे ऐकून हॉलमध्ये बऱ्याच जणांना मनापासून वाईट वाटलं, मलाही वाटलं.

आता हा प्रकार बघा. एक रिटायर्ड फौजदार काका पंचनाम्याबद्दल सांगत होते, आमच्याकडं कानडीत त्याला महजर म्हणतात, मुद्देमाल पंचांसमोर कसा सील करायचा, चिठ्ठीवर सह्या कुणाच्या, आणि सील नीट नसलं तर कोर्टात वकील कसा धरतो, असं सगळं चाललेलं असताना एक मुलगा धाडकन दार ढकलून आत आला, टेबलावरचं रजिस्टर उचललं आणि गेला. पाच-सात सेकंद. लोक ओरडले, एक काका मागं धावायला उठलेसुद्धा. मग मॅडमनी सगळ्यांना कोरे कागद दिले, काय बघितलं ते लिहा, एकमेकांशी बोलायचं नाही.

शर्ट निळा, शर्ट हिरवा, टीशर्ट होता, चष्मा होता, चष्मा नव्हता. हे होणारच होतं. पण शेवटचा प्रश्न होता, तो काय बोलला आणि कुठल्या भाषेत? कुणी लिहिलं कानडीत काहीतरी शिवी दिली, कुणी लिहिलं मराठीत "बाजूला सरा" म्हणाला. मग त्या मुलाला परत आत आणलं आणि रेकॉर्डिंग लावलं. तो एक शब्दही बोलला नव्हता. सतरंजीवरच्या एक मावशी म्हणाल्या, "अगं मी ऐकलं की ग, शपथ घेऊन सांगितलं असतं कोर्टात!" आपल्या सीमाभागात हे जरा जास्तच लागतं मनाला, कारण डोळ्यांनी बघितलेल्या माणसाला कुठली भाषा चिकटवायची हे आपलं डोकं आपल्याला न विचारता ठरवून टाकतं.

दुपारचं सेशन जड होतं. गावित मायलेकींची केस, म्हणजे आई आणि दोन मुली, लहान पोरं पळवून मारल्याची. कोल्हापूर इथून जवळ, त्यामुळं १९९६ साली ती प्रकरणं बाहेर आली तेव्हा निपाणी, संकेश्वरपर्यंत आयांनी पोरांचे हात सोडले नव्हते, हे हॉलमधल्या आज्यांना अजून आठवतं. एक कॉलेजचा मुलगा उठून म्हणाला, चाळीसच्या वर पोरं मारली त्यांनी. शेजारच्या आजींनी लगेच विचारलं, हे कशावरून रे बाळा? मग निकालाची प्रत काढली. खटला १३ मुलांच्या अपहरणाचा, आणि सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये दोघी बहिणींची फाशी कायम केली ती ५ खुनांसाठी. आई खटला उभा राहायच्या आधीच तुरुंगात वारली. पुढं दयेचा अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिला, २०१४ ला फेटाळला गेला, तरी फाशी झाली नाही, आणि शेवटी जानेवारी २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टानं या दिरंगाईपायी फाशीची जन्मठेप केली. यावर हॉलमध्ये चांगलीच वादावादी झाली. मला त्यातलं एकच सांगायचंय, पाच लेकरं हा आकडा कमी पडतो म्हणून जो चाळीस सांगतो, त्याला त्या पाच घरांबद्दल काही वाटत नाही. मग मॅडमनी पाचही लेकरांसाठी सगळ्यांना उभं केलं आणि त्यानंतरच चहा आला.

कन्नड संशोधक एम. एम. कलबुर्गी सरांचा विषय निघाला तेव्हा मात्र फौजदार काकांनी हात वर केला. ३० ऑगस्ट २०१५ ला धारवाडला सरांच्या घरीच त्यांचा खून झाला, ५ सप्टेंबर २०१७ ला बेंगळुरूत पत्रकार गौरी लंकेश यांचा, आणि दोन्हीकडच्या काडतुसांवरच्या खुणा एकाच पिस्तुलाच्या आहेत असा प्रयोगशाळेचा रिपोर्ट तपास पथकानं मांडला. काडतुसाच्या बुडावर पिन आपटल्याची खूण कशी बघतात, दोन काडतुसं एकाच भिंगाखाली शेजारी कशी ठेवतात, हे त्यांनी चित्र काढून दाखवलं. पण कोण दोषी, यावर इथं चर्चा नाही, ते कोर्ट बघेल, असं काकांनी सांगून टाकलं. कुणी हट्ट धरला नाही.

शेवटचा तास माझ्या मते सगळ्यात कामाचा, आणि पोस्टरवर तो सगळ्यात खाली छापला होता. एफआयआर कशी वाचायची. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले, खुनाचं कलम ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८. पण खरा प्रश्न विचारला तो खानापूरकडच्या एका ताईनी. मला कानडी बोलता येतं पण वाचता येत नाही, सही कशावर करतेय ते कसं कळणार? वकील मॅडमनी समजावलं, तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून घेतल्यावर ती तुम्हाला वाचून दाखवायचीच असते, मगच सही, आणि प्रत फुकट मिळते, मागून घ्यायची. मग एकानं विचारलं, शिनोळीच्या पलीकडं गाडी चोरीला गेली, म्हणजे महाराष्ट्रात, आणि घर बेळगावात, तर? त्यांनी सांगितलं, हद्द कुठलीही असो, जवळच्या ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येते, पुढं ती त्या हद्दीतल्या ठाण्याकडं जाते. "आमची हद्द नाही" म्हणून परत पाठवलं तर लेखी द्या म्हणायचं.

हे सगळे वहीत लिहून घेत होते, खुनाच्या केसेस ऐकायला आलेले. संध्याकाळी सहाला हॉल बंद करायचा होता तर वकील मॅडमभोवती अजून घोळका होता, ताईनी आपली जुनी एफआयआर पर्समधून काढून टेबलावर पसरली होती आणि फौजदार काका ओळीवर बोट ठेवून ती कानडीतून मराठीत वाचून दाखवत होते.